हृदयाला निवेदक करणारी श्रुतिका : 'डेस्टिनेशन फ्रीडम'

श्रुतिका लिहायची आहे, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी हल्ली एकच सांगते. रिचर्ड डरहॅमची 'डेस्टिनेशन फ्रीडम' ऐका. शिकागोच्या डब्ल्यूएमएक्यू या रेडिओ केंद्रावरून २७ जून १९४८ रोजी, रविवारी, या मालिकेचा पहिला भाग गेला आणि ऑगस्ट १९५० पर्यंत दर आठवड्याला अर्धा तास ती चालली. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि वर्तमान, दर भागात एक नवं नाटक. ९१ संहिता, सगळ्या एका माणसाने लिहिलेल्या. इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर यातले पुष्कळ भाग फुकट ऐकायला मिळतात आणि मोबाइलमध्ये उतरवूनही घेता येतात. खातं उघडायला नको, मध्ये जाहिरात नाही.

मी स्वतः आकाशवाणीच्या नाटकांत आवाज दिला आहे, बी-हाय ग्रेडची कलाकार म्हणून, आणि आता नागपुरात कॉलेजच्या मुलामुलींना घेऊन श्रुतिका बसवते. तेव्हा हे परीक्षण कानाने केलेलं आहे. इतिहास मला जितका माहीत आहे तितका येईलच, पण आधी ऐकताना काय घडतं ते.

पहिल्यांदा कानावर येते ती माणसांची बोलण्याची रीत. सरळ, ताठ, विचार करून बोलणारी माणसं. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण हे कुठल्या केंद्रावरून चाललं होतं ते कळलं की अंगावर काटा येतो. 'एमॉस अँड अँडी' ही अमेरिकेभर गाजलेली मालिका १९२८ मध्ये याच डब्ल्यूएमएक्यूवर सुरू झाली. फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल हे दोन गोरे नट त्यात कृष्णवर्णीय माणसांचे आवाज काढायचे. अडखळतं इंग्रजी, चुकीचे शब्द, भोळसट हेल. लाखो घरांत रोज संध्याकाळी हा आवाज पोचत होता आणि ज्यांनी आयुष्यात एकाही कृष्णवर्णीय शेजाऱ्याशी दोन वाक्यं बोलली नव्हती, त्यांच्या कानात 'हे लोक असेच बोलतात' एवढं पक्कं बसत होतं. रेडिओवर काम मागायला गेलेल्या कृष्णवर्णीय नटालाही पुढे हाच हेल काढायला सांगितलं जाई. त्याच केंद्राच्या माइकवर वीस वर्षांनी डरहॅमने फ्रेडरिक डग्लस उभा केला, गुलामीतून पळून सुटलेला आणि तिच्याविरुद्ध जन्मभर बोलत राहिलेला नामांकित वक्ता. त्याच हवेतून, त्याच पेट्यांमधून. मला तर या मालिकेची सगळी ताकद इथेच सुरू होते असं वाटतं. आधीच्या आवाजाची नक्कल करून किंवा त्याला शिव्या घालून डरहॅमने उत्तर दिलं नाही. त्याने दर रविवारी दुसरा आवाज ऐकवला, आणि तो दोन वर्षं ऐकवत राहिला.

आता माझा सर्वांत आवडता भाग, 'द हार्ट ऑफ जॉर्ज कॉटन'. विषय आहे हृदयाच्या शस्त्रक्रियेचा, आणि गोष्ट सांगतंय ते रुग्णाचं हृदय. होय, हृदयच निवेदक आहे. डॉ. डॅनियल हेल विल्यम्स आणि त्यांच्यानंतरचे शल्यविशारद डॉ. युलिसीझ ग्रँट डेली या दोन कृष्णवर्णीय डॉक्टरांची ही कथा. मागचा इतिहास थोडा सांगते, कारण तो माहीत असला की भाग दुप्पट रंगतो. गोऱ्यांच्या रुग्णालयांत कृष्णवर्णीय मुलींना नर्सिंगचं शिक्षण मिळत नव्हतं, कृष्णवर्णीय डॉक्टरांना दारं बंद होती. म्हणून विल्यम्स यांनी १८९१ मध्ये शिकागोत प्रॉव्हिडंट हॉस्पिटल सुरू केलं, आणि तिथे दोन्ही वर्णांचे डॉक्टर एकत्र काम करू लागले. १८९३ च्या जुलैत छातीत सुरा बसलेला जेम्स कॉर्निश नावाचा तरुण तिथे आणला गेला. एक्स-रे नव्हता, अँटिबायोटिक नव्हतं, रक्त चढवायची सोय नव्हती. विल्यम्स यांनी छाती उघडली आणि हृदयाभोवतीच्या आवरणाला पडलेली जखम शिवली. ५१ दिवसांनी कॉर्निश चालत घरी गेला.

ही गोष्ट कुणीही सांगितली तरी रोमांचकच आहे. दुसऱ्या कुणी लिहिली असती तर डॉक्टरच्या तोंडून नाहीतर नर्सच्या तोंडून आली असती. डरहॅमने ती हृदयाच्या तोंडी घातली, आणि यात त्याचं माध्यमाचं ज्ञान दिसतं. शरीराच्या आत बसलेल्या हृदयाला बाहेरचं काहीच दिसत नाही. त्याला फक्त ऐकू येतं. रेडिओ ऐकणाऱ्या माणसाची अवस्था नेमकी तीच असते! म्हणजे श्रोता आणि निवेदक एकाच अंधारात, एकाच टेबलावर. डॉक्टर कसा दिसतो, त्याचा रंग कोणता, हे हृदयाला ठाऊक असायचं कारणच नाही. त्याला फक्त एवढंच कळतं की एक हात आत आला आहे आणि तो थरथरत नाही. वर्णभेदावर भाषण न देता वर्णभेद किती पोकळ आहे हे आणखी कसं सांगायचं?

मी हा भाग आमच्या गटाला ऐकवला तेव्हा संपल्यावर पाच-सात मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, "ताई, आपल्या तळ्याला बोलायला लावलं तर?" ती चवदार तळ्याबद्दल लिहीत होती आणि कितीतरी आठवडे तिचा निवेदक सापडत नव्हता. पुढच्या बैठकीला ती पाण्याचं स्वगत घेऊन आली. आम्ही माइकला रुमाल गुंडाळला, पितळी घागरीत तोंड घालून ते स्वगत वाचून बघितलं आणि आवाजाला जी खोली आली ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मिळाली नसती. चांगली कलाकृती ऐकल्यावर काहीतरी करावंसं वाटतं, ते असं.

निर्जीव वस्तूला किंवा अवयवाला बोलतं करणं ही डरहॅमची खास खुबी आहे. जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगवरच्या भागाचं नावच 'द ट्रम्पेट टॉक्स'. जॅकी रॉबिन्सन १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळला आणि बेसबॉलच्या मोठ्या स्पर्धांमधली वर्णबंदी मोडली, त्याच्यावरचा भाग सगळा यमकात आहे. पोवाडा ऐकून वाढलेल्या आपल्या कानाला तो भाग लगेच जवळचा वाटेल. वीरगाथा, टाळी घेणाऱ्या जागा, मध्येच गंमत, आणि गंमतीच्या आड अपमानाची ठसठस. बेसबॉल मला कळत नाही आणि ऐकताना ते आडही आलं नाही.

नटांबद्दल बोललंच पाहिजे. शिकागोतल्या डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस थिएटर गिल्ड या नाट्यसंस्थेतले कलाकार यात होते. म्हणजे ही मुळात रंगभूमीवरची माणसं, आणि ते ऐकू येतं. वाक्याच्या शेवटच्या अक्षरापर्यंत श्वास पुरतो, कुजबुजही शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असलेला गळा कळतो. (डुबॉइस हे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे अमेरिकन विचारवंत, हे नाव आपल्याकडच्या वाचकांना परकं नसावं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या आणि डुबॉइसनी उत्तरही पाठवलं होतं.) तरुण ऑस्कर ब्राउन ज्युनिअर इथे आहे, जो पुढे गायक आणि गीतकार म्हणून नावारूपाला आला. फ्रेड पिंकार्ड, वेझलिन टिल्डन आहेत. नंतर सामान्य माणसांच्या मुलाखतींसाठी जगभर ओळखले गेलेले स्टड्स टर्केलही काही भागांत नट म्हणून भेटतात. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय नटांनी एका माइकभोवती उभं राहून काम करणं हे त्या काळच्या शिकागोत रोजचं दृश्य नव्हतं.

पण मी ज्या आवाजासाठी भाग परत लावते तो जॅनिस किंग्सलोचा. या अभिनेत्रीची एक हकिगत सांगते. ती वर्णाने इतकी उजळ होती की हॉलिवूडने तिला करार देऊ केला, अट एकच : नाव बदलायचं आणि आपण कृष्णवर्णीय आहोत हे लपवायचं. तिने नकार दिला आणि १९५० मध्ये 'निग्रो डायजेस्ट' या मासिकात त्याविषयी उघडपणे लिहिलं. पडद्यावर गोरी म्हणून चमकण्याची संधी सोडलेली ही बाई, जिथे कुणाला कुणाचा चेहरा दिसत नाही अशा माध्यमात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या भूमिका करत होती. हे ठाऊक झाल्यावर तिचं एखादं साधं वाक्यसुद्धा साधं राहत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत डरहॅम त्याच्या काळाच्या बराच पुढे होता. दुसराच भाग हॅरिएट टबमनवर आहे. मेरीलँडमधल्या गुलामीतून १८४९ मध्ये पळून सुटलेली आणि मग पुन्हा पुन्हा परत जाऊन सुमारे ७० जणांना बाहेर काढणारी ही बाई. आयडा बी. वेल्सवरही भाग आहे. १८९२ मध्ये मेंफिसमध्ये तिच्या किराणा दुकानदार मित्राला आणि त्याच्या दोन साथीदारांना जमावाने ठार मारलं, तिने आपल्या वृत्तपत्रातून त्यावर लिहिलं, आणि वृत्तपत्राचं कार्यालयच उद्ध्वस्त करण्यात आलं. या बायका डरहॅमकडे कुणाची आई किंवा कुणाची पत्नी म्हणून येत नाहीत. त्या ठरवतात, हुकूम देतात, चिडतात. आपल्याकडच्या किती श्रुतिकांत बाईच्या वाट्याला 'अहो, ऐकलंत का'च्या पलीकडे काही येतं, हा प्रश्न मला ऐकताना सतत टोचत राहिला.

आणखी एका भागासाठी थांबते : 'डेन्मार्क व्हेसी'. व्हेसी चार्ल्सटनमधला गुलाम. १७९९ मध्ये त्याला लॉटरीत दीड हजार डॉलर मिळाले, त्यातले ६०० देऊन त्याने स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं, पण बायकोमुलांचं त्याला विकत घेता आलं नाही. सुतारकाम करत त्याने मोठ्या उठावाची तयारी केली, १८२२ मध्ये बेत फुटला आणि त्याला फाशी झाली. रेडिओवर १९४८ मध्ये, गोऱ्या मालकीच्या केंद्रावरून, अशा माणसाला नायक करायचं म्हणजे केवढं धाडस! महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून एवढ्या दूरच्या लढ्याशी नातं जोडणारी ती अर्पणपत्रिका मला आजही थक्क करते. 'डेन्मार्क व्हेसी' ऐकताना वाटलं, त्या लढ्यातली स्वतः गुलाम असलेली जी माणसं तेव्हा पुण्यापर्यंत पोचली नव्हती, ती इथे आपल्या आवाजात भेटतात. जोतीरावांना हा भाग ऐकवावा असं फार वाटलं.

उणिवाही सांगते. एक म्हणजे संगीत. प्रत्येक भावनेच्या टोकाला वाद्यवृंद उसळून येतो आणि नटाने कमावलेली शांतता खाऊन टाकतो. त्या काळच्या सगळ्याच अमेरिकन रेडिओनाट्यांची ही खोड आहे, पण डरहॅमची संहिता इतकी घट्ट आहे की तिला या टेकूची गरजच नव्हती. दुसरं, माणसं कधीकधी फार सुंदर बोलतात. खलाशी, स्वयंपाकीण, सेनापती, सगळ्यांच्या तोंडी एकाच कवीची वाक्यं येतात. शेवटच्या चार-पाच मिनिटांत नायक भाषणाच्या सुरात जातो, हे तर बहुतेक भागांत. अर्ध्या तासात पूर्ण आयुष्य बसवायचं म्हटल्यावर काही प्रसंग नुसते उडत उडत जातात. आणि सगळे भाग 'हृदय'च्या तोलाचे नाहीत. आठवड्याला एक नाटक लिहिणाऱ्या माणसाकडून ती अपेक्षा करूही नये.

ध्वनीचा दर्जा भागागणिक बदलतो. प्रक्षेपण थेट असे, चुकलं तर परत घेणं नाही. जे उरलं ते मोठ्या सोळा इंची तबकड्यांवर. अशा तबकडीच्या एका बाजूवर साधारण पंधरा मिनिटं मावत, त्यामुळे अर्ध्या तासाला दोन बाजू लागायच्या. काही भागांत निम्म्यावर आवाजाचा पोत बदलल्यासारखा वाटतो, खरखर तर अधूनमधून आहेच. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलंत तर कुजबुज हातची जाईल. इअरफोन लावा आणि आवाज मध्यम ठेवा, नाहीतर पहिल्या टाळीसरशी वाद्यवृंद कानात घुसेल.

भाषा हा आपल्या श्रोत्यांसमोरचा खरा अडसर. दक्षिणेकडचे उच्चार, जुने शब्द, बोलण्याचा वेग. शिवाय त्या काळी सर्रास वापरला जाणारा 'निग्रो' हा शब्द दर भागात येतो, कृष्णवर्णीय लेखक-नटांच्याच तोंडून, त्याने दचकू नये. जे. फ्रेड मॅकडॉनल्ड यांनी निवडक संहितांचं पुस्तक १९८९ मध्ये संपादित केलं आहे. ते एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडलं तर संहिता पुढ्यात ठेवून ऐका. आमच्या गटातल्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी आधी पाच मिनिटं गोष्ट सांगते, मग भाग लावते. त्यानंतर उच्चार आड येत नाहीत.

डरहॅमबद्दल दोन शब्द. जन्म १९१७ चा, मिसिसिपीतल्या रेमंडचा. लहानपणीच कुटुंबाबरोबर शिकागोला आला. 'शिकागो डिफेंडर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात पत्रकारी केली, आणि त्या वृत्तपत्राची सुरुवातीला मालिकेला साथ होती. पुढे त्याने मुहम्मद अलीच्या आत्मचरित्राचं लेखन केलं. केंद्राशी त्याची ओढाताण सतत चालू असे. गुलामांच्या उठावाचा नेता नॅट टर्नर आणि गायक-नट पॉल रोबसन यांच्यावरच्या संहिता त्याला करू दिल्या नाहीत. जे भाग आपल्याला ऐकायला मिळतात ते या अशा खेचाखेचीतून सुटून आलेले आहेत, हे लक्षात ठेवलं तर शेवटची ती भाषणंसुद्धा वेगळी ऐकू येतात. दर रविवारी मिळालेली तीस मिनिटं पुढच्या रविवारी मिळतीलच याची खात्री नसलेला माणूस बोलतोय ते.

हे सगळं ऐकून झाल्यावर आजच्या कृष्णवर्णीय रंगकर्मींनी या वारशाचं काय केलं ते बघायचं असेल तर डेन्व्हरच्या डॉनी बेट्स यांचं 'ब्लॅक रेडिओ डेज' ऐका. ते रंगमंचावर प्रेक्षकांसमोर माइक लावून डरहॅमच्या संहिता आणि नव्या श्रुतिका सादर करतात. प्रेक्षकांचं हसणं, दबलेले हुंकार ध्वनिमुद्रणात येतात, ध्वनी स्वच्छ आहे. मला तरी जुन्या तबकड्यांतली तातडी त्यात तितकी जाणवत नाही, पण ज्यांना खरखर सहन होत नाही त्यांनी इथून सुरुवात करायला हरकत नाही.

मूळ मालिका ऐकायची तर पहिल्या भागापासून ओळीने जाऊ नका. आधी 'द हार्ट ऑफ जॉर्ज कॉटन', मग 'डेन्मार्क व्हेसी', मग रॉबिन्सनचा यमकातला भाग. एवढ्यावर जीव जडला तर बाकीचे आहेतच. एक खबरदारी मात्र घ्या. १९५० मध्ये डरहॅमची मालिका बंद झाल्यावर केंद्राने त्याच नावाखाली अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला वीर पॉल रिव्हिअर याला सूत्रधार करून देशभक्तीपर कथा सुरू केल्या. त्यांत डरहॅम नाही आणि कृष्णवर्णीयांचा इतिहासही नाही. नाव वापरल्याबद्दल डरहॅमने केंद्राची मालक असलेल्या एनबीसी या रेडिओ कंपनीला कोर्टात खेचलं होतं. भाग उतरवून घेताना तारीख बघा, ऑगस्ट १९५० नंतरची असेल तर सोडून द्या.